पक्षी उडाल्यानंतरचे फोटो

प्रिय दादा,

सकाळचे साडेसात वाजलेत. दुकानाचं शटर मी अर्धंच वर केलंय, म्हणजे कुणी गिऱ्हाईक आत डोकावणार नाही. टेबलावर एका दुर्बिणीचा खोललेला सांगाडा पडलाय, तो बाजूला सारून कागदापुरती जागा केली आहे. तुला फोन करता आला असता. पण फोनवर तुझं "बोल ठकू" ऐकलं की मी त्रेचाळीसची राहत नाही, आठ वर्षांची होते आणि तू म्हणशील त्याला हो म्हणून मोकळी होते. शिवाय नको असलेला विषय निघाला की तू फोन डाव्या कानाला नेतोस. त्या कानाला तुला काही ऐकू येत नाही हे मला ठाऊक नाही असं तुला वाटतं की काय, कोण जाणे. कागदाला असली सोय नाही. तो वाचावाच लागतो.

आधी दुकानाची बातमी सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आमचे मालक तुला आठवत असतील, दोन चष्मे कपाळावर चढवून तिसरा शोधत फिरणारे. त्यांच्या डोक्यात आलं होतं की पक्ष्यांचे फोटो काढायला हातभर लांबीची लेन्स सगळ्यांनाच कुठे झेपते, तर स्पॉटिंग स्कोपच्या मागे खिशातला साधा छोटा कॅमेरा लावला तर काय होतं ते बघू. स्कोप म्हणजे एका डोळ्याने बघायची ती जाडजूड दुर्बीण, तूच मला पहिला स्कोप आणून दिला होतास, तेव्हा तुला वेगळं सांगायला नको. प्लास्टिकच्या नळीचा एक तुकडा कापून मी कडं बनवलं, आतून मखमल चिकटवली आणि कॅमेऱ्याचं तोंड स्कोपच्या डोळ्यावर घट्ट बसवलं. पहिल्या दिवशी फक्त काळ्या गोलात अडकलेला अंधुक उजेड आला. मग कळलं की कॅमेरा थोडा झूम केला की तो काळा गोल निघून जातो. आणि दुसरं कळलं ते असं, की इतक्या मोठ्या भिंगातून बटण दाबतानाचा बोटाचा धक्काही फोटोत उतरतो. त्यावर उपाय म्हणजे टायमर. बटण दाबायचं, हात काढून घ्यायचे, श्वास रोखायचा. दोन सेकंदांनी कॅमेरा आपणहून एकापाठोपाठ तीन फोटो घेतो. त्या दोन सेकंदांत माझे डोळे आपोआप मिटतात. मालक हसतात, म्हणतात, "अगं, फोटो तू काढतेस आणि डोळे तूच मिटतेस? उलटा कारभार!"

त्या रविवारी मी तुझ्या माशांच्या तळ्यांवर आले ती हीच चाचणी करायला. खाद्याच्या कोठीच्या छतावर मी ट्रायपॉड लावला तेव्हा तू शिडीवर चढून आलास, कॅमेऱ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "हे काय, दुर्बिणीला गळू झालंय का?" वहिनी खालून ओरडली होती, "तुमची बहीण पक्ष्यांचे पासपोर्ट काढणार आहे, रांगेत उभे राहा म्हणावं त्यांना." तू मोठ्याने हसलास. तिच्या विनोदावर तू हसलास की मला बरं वाटायचं, जसं लहानपणी बाबा घरात शिट्टी वाजवत आले की आईला बरं वाटायचं. तेव्हा हे असं मनात आलं नव्हतं. आता लिहिताना येतंय.

तुला पाणकावळे आवडत नाहीत, आणि का आवडत नाहीत तेही मला कळतं. बोटभर वाढवलेली माशांची पिल्लं, तुमच्या भाषेत बोटुकली, एक पाणकावळा बसल्या बसल्या गट्ट करतो. म्हणून तू तळ्यांवर जाळी ताणलीस. सापडलेला पक्षी तू कसा संपवतोस तेही मी पाहिलंय. मान धरायची, एक हिसका, आणि बाजूला टाकून हात विजारीला पुसायचा. ज्या मुलाने मला खंड्या, बगळा, टिटवी ओळखायला शिकवलं त्याचेच हे हात, हे मी स्वतःशी जुळवून घेतलं होतं. धंदा आहे, म्हटलं. वहिनीचं मनगट मागच्या वर्षी प्लास्टरमध्ये होतं, तेही मी असंच जुळवून घेतलं. खाद्याची गोणी उचलताना मुरगळलं, असं तू म्हणालास. मुरगळण्याला प्लास्टर घालत नाहीत, दादा.

तर त्या सकाळी तिसऱ्या तळ्याच्या जाळीत मला स्कोपमधून एक पाणकावळा लटकलेला दिसला. पंख पिळवटलेला, चोच उघडी, आणि पाय पाण्याला जेमतेम टेकत होते. छतावरून मीच वहिनीला हाक मारली. मीच म्हटलं, "वहिनी, कात्री घे, नाहीतर मरेल तो." ती एका शब्दाने नाही म्हणाली नाही. कमरेएवढ्या पाण्यात उतरली, पक्ष्याने तिच्या हाताचा लचका तोडला तरी तिने त्याला सोडलं नाही, जाळी हातभर कापली आणि तो मोकळा झाला. मग तिने रक्ताळलेला हात आणि कात्री दोन्ही वर करून माझ्या दिशेने वाकून नमस्कार केला, नाटक संपल्यावर नटी करते तसा. तो फोटो मी काढला. फार सुरेख आलाय. तिचे पुढचे तीन दात त्यात दिसतात.

नंतर ती पाणी सोडायच्या दाराशी, पायऱ्यांवर, हात धुवायला गेली. तेवढ्यात त्या दाराच्या लोखंडी कठड्यावर काळापांढरा खंड्या येऊन बसला, चोचीत मासा. मी स्कोप दोन बोटं वळवला, ऊन होतं म्हणून कॅमेऱ्याच्या पडद्यावर काही दिसेना, तेव्हा डोक्यावरून टॉवेल ओढून घेतला आणि आत फक्त मी, तो लहानसा पडदा आणि खंड्या उरलो. खंड्या मासा गिळण्याआधी काय करतो ते तूच मला सांगितलं होतंस. शेपटीकडून धरतो आणि डोकं कठड्यावर आपटतो, डावीकडे, उजवीकडे, हाडं मोडेपर्यंत. मी बटण दाबलं. एकूण पाच वेळा दाबलं. टॉवेल काढला तेव्हा वहिनी पाण्यात बसली होती, तोंडाभोवतीचं पाणी तांबडं झालं होतं, आणि तू पायरीवर वाकून तिला वर ओढत होतास.

गाडीत मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तू आरशातून माझ्याकडे बघत म्हणालास, "घसरली. शेवाळ किती साचलंय तिथे. तू तर बघतच होतीस ना वरून?" मी म्हटलं, हो. तू पुन्हा म्हणालास, "बघत होतीस ना?" मी पुन्हा हो म्हटलं. तिच्या तोंडातून माझ्या हातावर एक दात पडला. मी तो रुमालात बांधला, जणू दवाखान्यात परत बसवून देणार होते.

जबडा दोन ठिकाणी मोडलाय, डाव्या डोळ्याखालचं हाड चेपलंय, आणि जबडा तारेने बांधल्यामुळे तिला बोलता येत नाही. तिने कागदावर लिहून दिलं की नवऱ्याने मारलं. चौकीवरच्या बाई माझ्याकडे आल्या. बाई साध्या, थकलेल्या होत्या, खुर्चीत बसताच त्यांनी बुटांची नाडी सैल केली. मी सांगितलं की मी साठ पट मोठं दाखवणाऱ्या स्कोपमधून त्याच पायऱ्यांकडे बघत होते, दादा पंपाकडे होता, वहिनी एकटी होती, पाय घसरला, तोंड कठड्यावर आदळलं, दादाने धावत जाऊन बाहेर काढलं. बाईंनी विचारलं, "साठ पट? म्हणजे डोळ्यातली कुसळंसुद्धा दिसत असतील." मी म्हटलं, हो, दिसतात. त्यांनी वही मिटली. इतका पक्का साक्षीदार त्यांना कधी मिळाला नसेल. माझी सही घेताना त्या म्हणाल्या, डोक्याला मार लागला की माणसं काहीही लिहितात.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. मला वाटलं होतं वहिनी तोंड फिरवेल. तिने उशाखालची वही काढली आणि लिहून माझ्या हातात दिली, "खंड्याचे फोटो चांगले आले का?" मी म्हटलं, अजून बघितले नाहीत. तिने वही माझ्या हातातून घेतली, काही लिहायला पेन टेकवलं, मग नुसता एक ठिपका करून थांबली.

आता एक जुनी गोष्ट लिहिते. आपल्यात ती कधीच बोलली गेली नाही. बाबा आईला स्वयंपाकघराच्या दारात धरायचे आणि दार तिच्या हातावर लोटायचे, तेव्हा तू मला उचलून मागच्या खोलीच्या खिडकीत बसवायचास. माझे दोन्ही गाल तळव्यांत धरून माझं तोंड बाहेर वळवायचास. म्हणायचास, "तारेवरचे मोज. चुकलीस तर पुन्हा पहिल्यापासून." मी मोजायचे. आईचा आवाज वाढला की तू माझे कान दाबायचास आणि आकडे स्वतः मोठ्याने म्हणायचास. मला पक्ष्यांचं वेड कसं लागलं असं लोक विचारतात, तेव्हा मी म्हणते, मोठ्या भावामुळे. एकदा बाबा खिडकीपर्यंत आले. त्यांची चपराक माझ्यासाठी होती, तू मध्ये आलास आणि तुझा कान गेला. रक्त मानेवरून सदऱ्यात उतरलं तरी तू मोजत होतास, अठरा, एकोणीस, वीस. माझ्यावर इतकं प्रेम नंतर कुणीच केलं नाही, लग्नाच्या नवऱ्यानेसुद्धा नाही. हे मी आज लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तू म्हणशील की ठकू सगळं विसरली. मी काहीही विसरलेले नाही.

परवा मालकांनी चाचणीचे फोटो मोठ्या पडद्यावर लावले. पाणकावळ्याची जाळी आली, वहिनीचा नमस्कार आला, मालक म्हणाले, "वा, दीडशे पावलांवरून दात मोजता येतायत." मग खंड्या आला. पहिल्या तीन फोटोंत खंड्या आहे, मासा आहे, पिसांची कड न् कड दिसते. मालकांनी खुर्ची पुढे ओढली. चौथ्यात तो उडतोय, नुसता पंखांचा फराटा. आणि मागे, पायरीवर, तू आहेस. तुझ्या डाव्या हातात कापलेल्या जाळीचं टोक आहे. उजव्या हाताला वहिनीच्या केसांचा वेढा आहे. पाचव्यात तिचं तोंड कठड्यापासून वीतभर लांब आहे. सहाव्यात ते कठड्यावर आहे. सातव्यात पुन्हा वीतभर लांब, आणि कठड्यावर एक डाग आहे जो सहाव्यात नव्हता. मालकांनी पडदा बंद केला. कपाळावरचे दोन्ही चष्मे काढून टेबलावर ठेवले. म्हणाले, "हे कार्ड तुझं आहे. कुणी विचारलंच तर मी बघितलं नाही असं म्हणणार नाही. पण घेऊन जायचं तर तुलाच जावं लागेल." मग त्यांनी मला दुकानात एकटं सोडलं आणि भर दुपारी शटर खाली ओढून निघून गेले. आजपर्यंत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

उरलेले फोटो मी एकटीने पाहिले. नववा मी खूप वेळ पाहिला. त्यात वहिनी तुझ्याकडे बघत नाहीये. तुझ्या मुठीत केस असताना तिने मान फिरवली आहे आणि ती सरळ भिंगात, म्हणजे माझ्याकडे, बघते आहे. तोंड उघडं आहे. त्यात आता पुढचे दात नाहीत. बाराव्यात तुझा गुडघा तिच्या पाठीवर आहे. तुझा चेहरा बघावा म्हटलं, दादा, तर तो रागीट नाहीये रे. तो कामात गुंतलेल्या माणसाचा आहे. बाबांचा असायचा तसाच. पंधराव्यात फक्त पाणी आहे.

पहिल्या फोटोपासून पंधराव्यापर्यंत एक मिनिटही झालेलं नाही, प्रत्येकावर वेळ छापलेली आहे. आणि काल संध्याकाळी भाजी निवडता निवडता मला एक गोष्ट सुचली आणि हातातली सुरी खाली ठेवावी लागली. खंड्या चौथ्या फोटोतच उडून गेला होता. मग पुढचे अकरा फोटो मी कशाचे काढत होते?

मी स्वतःला बरीच उत्तरं दिली. टॉवेलखाली अंधार होता. पडद्यावर चमक होती. डोळे मिटायची सवय. प्रत्येक उत्तर खरं आहे आणि एकही पुरत नाही. कारण टॉवेल ओढायच्या आधी मी नुसत्या डोळ्यांनी तुला पंपाकडून येताना पाहिलं होतं. हातात जाळी होती आणि खांदे वर चढलेले होते. ती चाल मी चालायला लागले त्याच्याही आधीपासून ओळखते. मी टॉवेल उन्हासाठी ओढला नव्हता. मी खिडकीत जाऊन बसले होते, आणि या वेळी मला तिथे बसवायला तुझीसुद्धा गरज पडली नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. दवाखान्यातून वहिनीला गुरुवारी सोडणार आहेत, आणि माझ्या सहीच्या जोरावर तिला तुझ्याच गाडीत बसवणार आहेत. तिला दुसरीकडे कुणी नाही. तेव्हा आज दहा वाजता मी चौकीवर जाऊन माझा जबाब बदलणार आहे. खोटा जबाब दिला म्हणून माझ्यावर जे व्हायचं ते होऊ दे. तिथून मी दवाखान्यात जाईन आणि वहिनी हो म्हणाली तर तिला माझ्या दोन खोल्यांत घेऊन येईन. तू तिकडे येऊ नकोस. माझ्या मायेवर भरवसा ठेवून तर मुळीच येऊ नकोस, माया आहे, पण दार उघडणार नाही. नुसतं कार्ड पाकिटात घालून चौकीवर पाठवणं सोपं होतं. तू मारलंस एवढं फोटो सांगतील. पण फोटोला आवाज नसतो. दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर वहिनी ओरडली होती, "ठकू, इकडे बघ!" तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा पुन्हा ओरडली, "ठकू, बघ गं!" तळ्यावरून आवाज फार स्वच्छ येतो, दादा. मला दोन्ही कानांनी ऐकू आलं. आणि मी चौथ्यांदा बटण दाबलं. हे त्या बाईंना दुसरं कुणीच सांगू शकत नाही, म्हणून मी स्वतः जाते आहे.

तुझीच, काहीही झालं तरी,
ठकू